नावे

कोत्काच्या बंदरामागे, तिसऱ्या गल्लीत,
खिळे, बोल्ट, साखळ्यांचं एक घाऊक दुकान.
तळघरात एक यंत्र, अठ्ठ्याऐंशीपासून जागं;
त्याच्यावर कुणीतरी ठेवून विसरलेला निवडुंग
यंत्राच्या उबेवर दर हिवाळ्यात फुलतो.

मला बोलावलं ते दोघांची गाठ घालायला.
वर नवं ऑनलाइन दुकान, अधीर,
पापणी लवायच्या आत शिल्लक विचारणारं;
खाली हा हिरव्या अक्षरांचा म्हातारा,
रात्री दोनला एकदाच हिशेब करणारा,
मध्येच हटकलं की मुका.
दर पंधरा मिनिटांनी मी वरची चिठ्ठी खाली नेते,
खालची वर आणते.
निरोप्याचं काम. पगार तेवढा बरा.

म्हाताऱ्याला दोन टिंबांचा अ लिहिता येत नाही.
त्या जागी तो महिरपी कंस काढतो,
तोही अर्धाच, उघडा.
म्हणून व्हॅनॅनेन नावाच्या माणसाच्या पोटात
तीन कंस, कधीच न मिटलेले.
मी एक तक्ता लिहिला: कंस दिसला की टिंबं दे.
अकरा हजार गिऱ्हाइकांना एका दुपारीत
आपापली टिंबं परत मिळाली.
मालकाचा मुलगा साकू खूश;
त्यानं स्वतः कॉफी केली, वेलदोड्याचा पाव आणला.

मग तो रकाना आला.
दोन आकड्यांचा, बिनशीर्षकाचा.
बहुतेकांचा कोरा. एकशे चौदा जणांपुढे ७७.
नव्या दुकानात त्याला बसायला पाट नव्हता.
साकू म्हणाला, जुना गाळ असेल, काढ.
मी काढला.
एक ओळ पुसायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मार्चमध्ये बेटावरून फोन.
वेइक्को व्हॅनॅनेन, वय एकोणऐंशी.
नातीनं मोबाइलवर मागवून दिले होते
जस्ताचे चाळीस बोल्ट, सहा कड्या.
दुकानानं कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं.
तांबड्या पट्टीत उत्तर आलं, नावानिशी:
व्हॅनॅनेन, तुमची ऑर्डर घेता येत नाही.

चिडला नव्हता तो.
"माझं नाव पहिल्यांदाच नीट लिहिलंत," म्हणाला,
"तीस वर्षं पावतीवर काटेरी यायचं."
मग बराच वेळ नुसता वारा, फोनमध्ये.
"पण मग ओळखलं कसं नाहीत?"

इर्मेलीला गाठलं. नोकरी सोडून नऊ वर्षं झालेली,
सौनाची लाकडं रचत होती अंगणात.
सत्त्याहत्तर?
"बर्फ फुटल्यावर," ती म्हणाली, हात न थांबवता.
"होडी पाण्यात उतरली, पहिली मासळी विकली,
की येऊन देतात. बुडवलं नाही कुणी.
म्हणजे, एकानं. तो स्वतःच बुडाला.
खात्यात हे लिहायला जागा नव्हती,
दोन घरं मोकळी होती, मी आकडा घातला."
"आणि तारीख?"
"बर्फाला तारीख कोण विचारतं गं?"

नवं दुकान विचारतं.
वर्ष, महिना, दिवस. कोरं चालत नाही.
त्या रात्री मी जुन्या प्रतीतून
ती एकशे चौदा सत्त्याहत्तरं उचलून आणली.
नावं दुरुस्त करणं सोपं होतं;
कुणाच्या नावे काय, किती विश्वासानं,
ते हिरव्या अक्षरांना ठाऊक होतं, मला नाही.

शेवटी जे लिहिलं ते कुणाला दाखवण्यासारखं नाही:
रोज पहाटे पाचला, ७७ दिसला तर
देय तारीख एक दिवस पुढे ढकल.
कधी थांबायचं?
त्या ओळीत मी इर्मेलीचा फोन नंबर घातलाय.
तिच्या स्वयंपाकघरातून खाडी दिसते.

आज पहाटे एकशे चौदा जण
झोपेतच एक दिवस पुढे सरकले.
बोल्टांचं खोकं निघालं बेटाकडे, बर्फावरून, घसरगाडीत.
बंदरात काहीतरी करकरलं.
मी फोनकडे पाहिलं.
नाही, अजून नाही.